भीतीला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं? ड्रेड, फ्राइट, पॅनिक आणि बाकीचे

केवडा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच काढते. गेले काही महिने मी एका समुपदेशक बाईंकडे जातेय, त्यांच्याशी सगळं बोलणं इंग्रजीतूनच होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक कागद हातात दिला. डावीकडे भावनांची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकीपुढे शून्य ते दहा अशी पट्टी. राग, दुःख वगैरे पटापट झालं. मग भीतीचा गठ्ठा आला. अफ्रेड, अँक्शस, नर्व्हस, वरीड, पॅनिक, ड्रेड, टेरर. सात शब्द, आणि माझ्या डोक्यात सातांना मिळून एकच, भीती. पेन धरून बसून राहिले. शाळा इंग्रजीत झालीय, रोजचं काम इंग्रजीत चालतं, आणि तरी हे. शेवटी पॅनिकपुढे आठ लिहिलं कारण तो शब्द मला सगळ्यात मोठा वाटला आणि मला जे होत होतं ते मोठंच होतं.

बाईंनी वाचलं आणि विचारलं, हे आलं की किती वेळ टिकतं? म्हटलं, दोन दिवस. त्या जरा थांबल्या. मग विचारलं, छातीत धडधड, श्वास अडकल्यासारखं वाटणं, असं काही? म्हटलं नाही हो, फक्त सोमवारची मीटिंग असली की शनिवारपासूनच पोटात दगड ठेवल्यासारखं होतं, घास उतरत नाही, आणि गंमत म्हणजे मीटिंग सुरू झाली की उलट हलकं वाटायला लागतं. त्या म्हणाल्या, मग हे पॅनिक नाही, याला ड्रेड म्हणतात.

घरी येऊन शब्दकोश उघडला. ड्रेड, भीती, भय. टेरर, भीती, दहशत. फ्राइट, भीती, भय. म्हणजे कोशाने मला परत तिथेच आणून सोडलं. इथे भाषेत मुरलेली बरीच माणसं आहेत म्हणून विचारतेय, हे शब्द नक्की वेगळे कशात आहेत आणि इंग्रजी बोलणारा माणूस कुठला कधी वापरतो? मला खरंच हवंय हे, पुढच्या वेळी तो कागद नीट भरायचाय.

शब्दभ्रमर

केवडाताई, चांगला विषय काढलात. माझ्या मते आपली पहिली चूक ही होते की आपण हे शब्द लहानमोठे म्हणून एका पट्टीवर लावायला जातो, म्हणजे नर्व्हस म्हणजे थोडी भीती, अफ्रेड मध्यम, टेरर खूप. थोडंफार खरं आहे ते, पण त्याने काम भागत नाही. आधी काळ बघा. जे घडायचंय ते अजून पुढे आहे, आत्ता घडतंय, की घडून समोर पडलंय?

एकच प्रसंग घ्या. रात्री घरात एकट्या आहात आणि मागच्या दाराची कडी वाजते. दचकता, हातातलं भांडं सुटतं, तो क्षण म्हणजे फ्राइट. इट गेव्ह मी अ फ्राइट. आला आणि गेला, पुढे चालू ठेवलेला फ्राइट नसतो. मग कान देऊन उभ्या राहता, काहीतरी आहे पण काय ते माहीत नाही, तिथे अ‍ॅप्रिहेन्शन. पावलं जवळ येतात, आता पळायलाही जागा नाही, डोकं चालत नाही, तो टेरर. आणि दार उघडून समोर जे दिसतं ते बघवत नाही, किळस आणि भय एकत्र उसळतं, तो हॉरर. दुसऱ्या दिवशी सूर्य कलायला लागला की आज पुन्हा रात्र होणार या विचाराने जे सुरू होतं ते ड्रेड. आणि याच सगळ्या वेळात लांब गावी असलेली तुमची आई, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून कासावीस झाली असेल तर तिची ती वरी.

टेरर आणि हॉरर यातला फरक इंग्रजीत फार पूर्वी एका लेखिकेने मांडून ठेवलाय, अ‍ॅन रॅडक्लिफ, भयकादंबऱ्या लिहायच्या. त्यांचा निबंध त्या गेल्यावर 1826 साली छापला गेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की टेररने मन ताणलं जातं, सगळी इंद्रियं जागी होतात, आणि हॉररने मन आक्रसतं, गोठतं. एकात अजून दिसलेलं नसतं, दुसऱ्यात दिसलेलं असतं. मला हे अजूनही पटतं.

मास्तरीणबाई

शब्दभ्रमर, सुरेख लिहिलंत. मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे अर्थापेक्षा वाक्यात माणसं कुठे अडखळतात ते जास्त दिसतं. एकट्या अफ्रेडवर बोलते कारण तो सगळ्यात साधा वाटतो आणि सगळ्यात जास्त चुका त्यातच होतात.

पहिली गोष्ट, अफ्रेड हे क्रियापद नाही. आय अफ्रेड ऑफ डॉग्ज असं म्हणता येत नाही, आय अ‍ॅम अफ्रेड. आपल्याकडे घाबरणे हे क्रियापद आहे म्हणून ही चूक होते. दुसरी, अफ्रेडनंतर फ्रॉम येत नाही, ऑफ येतं. तिसरी, नामाच्या आधी अफ्रेड बसत नाही. द चाइल्ड इज अफ्रेड चालतं, अ‍ॅन अफ्रेड चाइल्ड चालत नाही, तिथे अ फ्राइटन्ड चाइल्ड किंवा अ स्केअर्ड चाइल्ड. असलीप, अलाइव्ह, अवेक हे शब्दही याच पंगतीतले, अ‍ॅन असलीप बेबी कुणी म्हणत नाही.

चौथी गोष्ट जरा बारीक आहे पण तीच मला फार आवडते. अफ्रेड टू आणि अफ्रेड ऑफ. आय वॉज अफ्रेड टू जंप म्हणजे मी उडी मारायला धजावलो नाही, उडी मारणं न मारणं माझ्या हातात होतं. आय वॉज अफ्रेड ऑफ फॉलिंग म्हणजे पडेन अशी भीती वाटली, पडणं काही माझ्या हातात नाही. म्हणून आय वॉज अफ्रेड टू फॉल हे कानाला खटकतं, मुद्दाम पडायचं होतं आणि धीर झाला नाही असं काहीतरी ऐकू येतं त्यात. आणि अफ्रेड फॉर निराळंच. आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ हिम म्हणजे मला तो भीतिदायक वाटतो, आय अ‍ॅम अफ्रेड फॉर हिम म्हणजे त्याचं काही बरंवाईट होईल म्हणून माझा जीव खालीवर होतोय. दोन अक्षरांच्या फरकाने नातंच उलटं होतं.

शिवाय आय अ‍ॅम अफ्रेड हे सभ्यपणाने वाईट बातमी सांगायलाही वापरतात, तिथे भीतीचा काही संबंध नसतो. माझ्या एका विद्यार्थिनीला नोकरीच्या अर्जाला उत्तर आलं, वुई आर अफ्रेड द पोझिशन हॅज बीन फिल्ड. ती पत्र घेऊन माझ्याकडे आली आणि विचारलं, बाई, त्यांना कसली भीती वाटतेय, मी काही चुकीचं लिहिलं का अर्जात? खूप वाईट वाटलं मला. नकार कळायच्या आधी ती पोरगी तीन दिवस स्वतःचा अर्ज पुन्हा पुन्हा वाचत बसली होती. त्या वाक्यात अफ्रेडचा अर्थ एवढाच की सांगायला वाईट वाटतं पण जागा भरलीये. आपण दिलगीर आहोत म्हणतो ना, तो.

उंबरठा

+१ मास्तरीणबाई, अफ्रेड टू आणि अफ्रेड ऑफ हे आज पहिल्यांदा नीट कळलं.

माझी एक भर. टेन्शन. आपण मराठीत सर्रास म्हणतो टेन्शन आलंय, टेन्शन घेऊ नकोस, आणि मग इंग्रजी बोलताना तेच उचलून आय हॅव टेन्शन, डोन्ट टेक टेन्शन. इंग्रजीत टेन्शन असतं ते दोन माणसांतलं, दोन देशांतलं, दोरीतलं, स्नायूंतलं. उद्या परीक्षा असलेला मुलगा नर्व्हस असतो. निकाल लागायचाय आणि काय होईल या विचाराने झोप नाही तो अँक्शस किंवा वरीड. काम डोक्यावरून चाललंय तो स्ट्रेस्ड. आपलं टेन्शन या तिघांना पुरून उरतं, म्हणून इंग्रजीत जाताना आधी ठरवावं लागतं आपलं टेन्शन यातलं कुठलं.

मास्तरीणबाई

उंबरठा, अगदी. आणि अँक्शसला अजून एक कूस आहे. अँक्शस अबाउट म्हणजे काळजीत, पण अँक्शस टू मीट यू म्हणजे तुम्हाला भेटायला अधीर. टूने सगळं पालटतं.

काजवा

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. रोज इंग्रजी बोलणारी माणसं एवढा विचार करत नाहीत हो. माझ्या ऑफिसात जन्मापासून इंग्रजी बोलणारे आहेत, ते आय अ‍ॅम स्केअर्ड, आय अ‍ॅम अफ्रेड, आय अ‍ॅम टेरिफाइड काहीही कशालाही म्हणतात. टेरिफाइड ऑफ स्पायडर्स म्हणणारा माणूस काही मरणाच्या दारात नसतो. मग हे फरक पुस्तकातच राहतात असं मला वाटतं.

शब्दभ्रमर

काजवा, तुमचं अर्धं पटलं. स्केअर्ड आणि अफ्रेड यात अर्थाचा फरक फारसा नाहीच, बोलण्याच्या ढंगाचा आहे. स्केअर्ड घरगुती, मुलांच्या तोंडी येणारा, अफ्रेड थोडा शांत, दोन्हींकडे चालणारा, आणि आय फिअर तर आता लेखी, भारदस्त. बोलताना कुणी आय फिअर डॉग्ज म्हणत नाही, आय अ‍ॅम फिअरिंग तर नाहीच नाही.

पण फरक पुस्तकी आहे हे मी मान्य करणार नाही. तुमच्या ऑफिसातल्या कुणालाही विचारा, मागून येऊन भॉक केलं आणि तो दचकला, तेव्हा मी ड्रेडमध्ये होतो असं तो म्हणेल का? कधीच नाही. माणूस विचार करून शब्द निवडत नाही हे खरं, पण चुकीचा शब्द त्याच्या तोंडून येत नाही, म्हणजे फरक त्याच्या कानात बसलेला आहे. आपण रोज मराठी बोलताना धाक आणि धसका यात गल्लत करतो का? वडिलांचा धाक होता म्हणतो, वडिलांचा धसका होता म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या मनात लगेच दुसरंच काही येतं. व्याकरणाचं पुस्तक न उघडता आपल्याला ते कळतं.

काजवा

धाक आणि धसक्याचं उदाहरण बरोबर बसलं. मान्य.

रानपाखरू

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे म्हणून केवडाताईंच्या मूळ मुद्द्यावर येते. बोलण्यातलं पॅनिक आणि आमच्याकडचं पॅनिक यात फार अंतर आहे. पॅनिक करू नकोस म्हणजे गडबडून जाऊ नकोस, एवढंच. पण पॅनिक अटॅक ही व्याख्या असलेली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची निदानाची जी पुस्तिका आहे, डीएसएम-5, 2013 ची, तिच्यात असं आहे की तीव्र भीतीची लाट अचानक उठते, काही मिनिटांत शिखर गाठते आणि 13 लक्षणांपैकी किमान 4 दिसतात. धडधड, घाम, थरथर, श्वास अपुरा पडणं, छातीत दुखणं, चक्कर, आता मरतो की काय असं वाटणं वगैरे. मिनिटांचा खेळ असतो तो. दोन दिवस पोटात राहणारा दगड या चौकटीत बसत नाही, तुमच्या बाईंनी वेळ आधी विचारला तो त्यासाठीच.

त्याच पुस्तिकेत फिअर आणि अँग्झायटी यातला फरकही फार सोप्या शब्दांत सांगितलाय. धोका अगदी समोर आलाय, खरा असो वा वाटलेला, त्याला मन जे उत्तर देतं ते फिअर. पुढे येऊ घातलेल्या धोक्याची वाट बघणं ती अँग्झायटी. म्हणून फिअरमध्ये शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं, आणि अँग्झायटीत स्नायू आखडलेले, सतत सावध, जिथे धोका वाटतो ती जागा टाळायची असं चालतं.

फोबियाबद्दलही एक. मला गणिताचा फोबिया आहे असं लोक सहज म्हणतात, बोलण्यात ठीक आहे. निदान म्हणून फोबिया म्हणायचा तर ती भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फारच मोठी लागते, साधारण सहा महिने किंवा जास्त टिकलेली लागते आणि तिच्यामुळे रोजचं जगणं अडायला लागतं. आणि हायड्रोफोबिया हा शब्द ऐकून लोकांना वाटतं पाण्याची भीती असलेला माणूस. ते रेबीजचं जुनं नाव आहे. रेबीज झालेल्या रुग्णाला पाणी गिळायला गेलं की घशाचे स्नायू असे आवळतात की पाण्याचा पेला समोर आला तरी तो तडफडतो. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसानंतर फोबिया हा शब्द मी सहज वापरू शकलेली नाही.

केवडा

रानपाखरू, अंगावर काटा आला. आणि आभार, मिनिटं की दिवस हा प्रश्न का विचारला ते आत्ता कळलं मला.

अजानवृक्ष

धागा उशिरा बघितला. शब्द कुठून आले हा माझा आवडता प्रांत, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

फिअर या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ भीती नव्हताच, अचानक आलेलं संकट असा होता. जर्मनमध्ये गेफार म्हणजे धोका, तो याचाच भाऊबंद. इंग्रजीत बाहेरचं संकट हळूहळू माणसाच्या आत शिरलं आणि भावना झाली. अफ्रेड आलाय अफ्रे या क्रियापदावरून, दचकवणं, शांतता मोडणं. कायद्याच्या इंग्रजीत अफ्रे म्हणजे सार्वजनिक जागी केलेली मारामारी, अजून वापरतात. पॅनिक ग्रीकांच्या पॅन देवावरून, रानात गुराढोरांमध्ये आणि माणसांमध्ये कारण न कळता एकदम उठणारी घबराट त्याच्या नावावर घातली जायची. त्यामुळे पॅनिकच्या मुळातच दोन गोष्टी आहेत, एकदम येणं आणि कारण न सापडणं. ड्रेडमध्ये उलट, कारण पक्कं माहीत असतं आणि तेच येऊन उभं राहणार असतं.

अँग्झायटीच्या मुळाशी लॅटिन आंगेरे आहे, आवळणं, गळा दाबणं. छातीत आवळून दुखतं त्या अंजायनाचं कूळ तेच. आणि संस्कृतातला अंहस् हा शब्दही त्याच कुळातला मानतात, वेदात संकट, कोंडी अशा अर्थाने येतो. वरी तर अजून उघड, जुन्या इंग्रजीत गळा आवळून मारणं. आजही कुत्रा मेंढरांच्या मागे लागून चावे घेत त्यांना छळतो त्याला वरी हेच क्रियापद आहे. काळजी माणसाला तसंच करते, एकदम खात नाही, चावे घेत राहते.

आता खरी मौज. टेरर हा लॅटिन तेरेरेवरून, घाबरवणं. त्याचं संस्कृतातलं भावंड कोण? त्रस्. संस्कृतात त्रास म्हणजे थरकाप उडवणारं भय. संत्रस्त हा शब्द आपण अजून त्या अर्थाच्या जवळपास वापरतो. फारसीत तर्स म्हणजे भीतीच. आणि मराठीत त्रास झाला काय? गुडघ्याला त्रास, शेजाऱ्यांचा त्रास, तसदी. म्हणजे एकाच मुळाचा इंग्रजीत टेरर झाला आणि आपल्याकडे झिजत झिजत कटकट झाली.

आणि हॉरर. लॅटिन होरेरे म्हणजे केस उभे राहणं, शहारणं. त्याचा संस्कृत नातेवाईक हृष्. रोमहर्ष, लोमहर्ष, अंगावरचे केस उभे राहणं. त्यातूनच आपला हर्ष, आनंद! केस भीतीनेही उभे राहतात आणि आनंदानेही, इंग्रजीने भीतीची बाजू धरली, आपण आनंदाची. सामना रोमहर्षक झाला आणि हॉरर सिनेमा बघितला, दोन्ही वाक्यांत एकच जुना काटा आहे अंगावरचा. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी बराच वेळ नुसता बसून होतो.

उंबरठा

अजानवृक्ष, हर्ष आणि हॉरर सख्खे? हे मी उद्या दहा जणांना सांगणार.

कावर्डबद्दलही ऐकलंय काहीतरी, शेपटीशी संबंध आहे का?

अजानवृक्ष

हो आहे. लॅटिन कौदा म्हणजे शेपूट, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये आला आणि तिथून इंग्रजीत कावर्ड. आपण शेपूट घातली म्हणतो तेच चित्र. अपॉल्डमध्ये पेल आहे, पांढरा फटक पडणं. पेट्रिफाइडमध्ये पेत्रा, दगड, म्हणजे जागच्या जागी शिळा होणं. हे दोन शब्द मात्र एकमेकांच्या जागी घालू नका, अपॉल्ड आजच्या इंग्रजीत भीतीचा राहिलेलाच नाही, काहीतरी लाजिरवाणं, अमानुष ऐकून धक्का आणि संताप वाटतो तेव्हा तो येतो. पेट्रिफाइड अजून भीतीचाच आहे. अलार्म मूळचा इटालियन, शस्त्रं उचला अशी आरोळी, आता सकाळी उठवतो.

दवबिंदू

माझा प्रश्न टेरिबल, टेरिफिक, ऑफुल, ऑसम या चौघांबद्दल. टेरर तोच, मग टेरिबल वाईट आणि टेरिफिक उत्तम कसं? ऑ तोच, मग ऑफुल भिकार आणि ऑसम भारी कसं?

शब्दभ्रमर

ऑ म्हणजे भीतियुक्त आदर, एखाद्या प्रचंड गोष्टीपुढे माणूस लहान होतो तो. सुरुवातीला ऑफुल आणि ऑसम दोन्हीचा अर्थ तोच होता, तसंच टेरिबल आणि टेरिफिक दोन्ही भयंकर. वापरून वापरून भीती उडून गेली, राहिली नुसती तीव्रता. मग एक वाईटाकडे झुकला आणि दुसरा चांगल्याकडे. टेरिब्ली सॉरी, ऑफुली नाइस, ड्रेडफुली टायर्ड यात कुठेच कुणी घाबरलेलं नाही, ते नुसतं खूप या अर्थाने आहे.

आणि हे आपण रोज करतो. भयंकर आवडलं, भयानक सुंदर. कुठलीही भाषा असो, खूप म्हणायला जुने शब्द पुरेनासे झाले की भीतीच्या कोठारात हात घालते असं दिसतं. फिअरफुल मात्र जरा जपून, तो घाबरलेला या अर्थानेही येतो आणि जुन्या लिखाणात घाबरवणारा या अर्थानेही. फिअरसम म्हणजे फक्त घाबरवणारा.

मास्तरीणबाई

यावरूनच, स्केअर्ड आणि स्केअरी, फ्राइटन्ड आणि फ्राइटनिंग. आय अ‍ॅम सो स्केअरी म्हणणारा मुलगा सांगत असतो की मी भयंकर दिसतो. ज्याला वाटतं तो ड, ज्याच्यामुळे वाटतं तो इंग. वर्गात मी एवढंच पाठ करून घेते. आणि पॅनिकचा भूतकाळ लिहिताना सी नंतर के घाला, पॅनिक्ड, पॅनिकिंग, नाहीतर उच्चार पॅनिस्ड होतो.

गवतपातं

बातम्यांत काम करतो. इंग्रजी बातमीत येतं, ट्वेन्टी फिअर्ड डेड. त्याचं मराठीत हमखास होतं, वीस जण ठार झाल्याची भीती. मला हे कधीच रुचलं नाही. इंग्रजीत फिअर्ड डेड हा ठरलेला साचा आहे, अजून खात्री नाही पण बहुधा गेले असावेत, बातमीदाराचा सावधपणा आहे तो. मराठीत भीती म्हटलं की विचारावंसं वाटतं, कुणाला? ज्यांची माणसं आत अडकलीत त्यांची भीती वेगळी आणि आपली वेगळी. मी माझ्यापुरतं वीस जण दगावल्याची शक्यता असंच लिहितो. कधी कधी वरून परत भीती करून येतं, मी पुन्हा शक्यता करून पाठवतो.

तसाच स्केअर. बॉम्ब स्केअर, हेल्थ स्केअर. इथे स्केअर म्हणजे धोक्याची हूल, लोक घाबरले, धावपळ झाली आणि बहुतेकदा काही निघालं नाही. शी हॅड अ कॅन्सर स्केअर याचा अर्थ तिला कॅन्सर झाला असा होत नाही, संशय आला होता, तपासण्या झाल्या, काही दिवस जीव टांगणीला होता. एका बातमीत हे चुकलेलं मी पाहिलंय, एका धडधाकट बाईंना आजारी करून टाकलं होतं.

काजवा

शक्यता चांगला शब्द आहे पण त्यात माणुसकी कमी वाटते. भीती म्हटलं की निदान बातमी देणाऱ्यालाही काही वाटतंय असं वाटतं.

गवतपातं

समजू शकतो. पण वाटायचं काम वाचणाऱ्यावर सोडावं असं मला वाटतं.

रानपाखरू

मला परत ड्रेडकडे यायचंय. मघापासून विचार करतेय, ड्रेडला मराठीत नेमका शब्द कुठला? भीती ढोबळ होतो. दहशत बाहेरून कुणीतरी बसवलेली असते. धाकात आदर आहे, दरारा तर माणसाच्या नावाला चिकटलेला असतो. धसका म्हणजे एकदा बसलेल्या धक्क्याचा मागे उरलेला परिणाम, त्याला इंग्रजीत सुटसुटीत एक शब्द मला अजून सापडलेला नाही. घबराट घोळक्याची.

अजानवृक्ष

धास्ती. अजून झालेलं नाही, होणार आहे, आणि ते होईपर्यंत मन त्याच्याभोवतीच फिरत राहतं. धास्ती घेतली की माणूस खंगतो. दचकण्याला कुणी धास्ती म्हणणार नाही आणि भूत दिसल्यावरही नाही. ड्रेड बरोबर तिथेच बसतो. जुन्या इंग्रजीत तो ऑनड्रेडन असा लांब होता, पुढे डोकं गळून ड्रेड उरला. 1906 साली ब्रिटिश आरमाराने एक युद्धनौका पाण्यात उतरवली, ड्रेडनॉट, कशाचीच धास्ती नसलेली. ती आल्यावर आधीच्या सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या झाल्या आणि बाकीच्या देशांनीच तिची धास्ती घेतली.

मंगळाच्या दोन चंद्रांची नावंही भीतीचीच आहेत. 1877 साली असफ हॉल यांनी ते शोधले, फोबोस आणि डिमोस, ग्रीकांच्या युद्धदेवाची मुलं. फोबोस म्हणजे रणातून पळवून लावणारी भीती, त्याच्यावरूनच फोबिया. डिमोसचं भाषांतर कुणी टेरर करतं, कुणी ड्रेड.

केवडा

धास्ती! अहो अजानवृक्ष, हा शब्द मला लहानपणापासून माहीत आहे. माझी आजी म्हणायची, पोरीने परीक्षेची धास्ती घेतलीय, तिला दूध द्या. तो कागद समोर असताना हा शब्द आठवलाच नाही कारण मी इंग्रजीतून भीतीकडे गेले आणि भीतीपाशीच थांबले, पुढे मराठीत आत गेलेच नाही. ड्रेड कळायला मला धास्ती लागली आणि धास्ती आठवायला ड्रेड लागला.

मास्तरीणबाई

केवडा, वाक्यात वापरताना एक लक्षात ठेव गं, ड्रेड क्रियापद म्हणून आला की पुढे इंग घ्यायचा. आय ड्रेड गोइंग टू दॅट मीटिंग. ड्रेड टू फक्त आय ड्रेड टू थिंक अशा ठरलेल्या ठिकाणी, विचारही नको वाटतो या अर्थाने. आणि शनिवारपासून सुरू होतं म्हणालीस ना, तर आय हॅव बीन ड्रेडिंग इट सिन्स सॅटर्डे. यात कधीपासून हेही आलं आणि अजून संपलेलं नाही हेही आलं.

केवडा

मास्तरीणबाई, हे वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं आणि काल बाईंपुढे जसंच्या तसं बोलले. नवा कागद दिला होता त्यांनी. पॅनिकपुढे शून्य टाकलं, टेररपुढे शून्य, नर्व्हसपुढे चार, ड्रेडपुढे नऊ. आणि ड्रेडच्या शेजारी समासात देवनागरीत धास्ती लिहिलं. त्यांनी विचारलं हे काय, मी सांगितलं, आजीचं दूधही सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला, ध नीट येईना म्हणून परत एकदा. मग विचारलं, ही धास्ती शनिवारी किती वाजता येते? मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. डोळे मिटून आठवलं तर दुपारी, जेवणं झाल्यावर, भांडी घासताना. आता या शनिवारी त्या वेळी काय करायचं ते आम्ही ठरवलंय, झालं की इथे लिहिते.